पुसण्याआधी भिंत वाचा

मुलांच्या स्वच्छतागृहाच्या दारावर, आतल्या बाजूने, व्हाइटनरने लिहिलेलं होतं : 'पाणी नाही.' अक्षर बऱ्यापैकी नीट. पूर्व नागपुरातल्या एका शाळेत मी तेव्हा शिकवत होतो आणि इमारतीच्या देखभालीचं काम माझ्याकडे होतं. मी दार रंगवून घेतलं. आठ दिवसांत पुन्हा तेच, त्याच जागी. पुन्हा रंग. तिसऱ्या वेळी खाली एक रेघ ओढून 'किती वेळा सांगू' असंही लिहिलेलं होतं. तेव्हा कुठे मी आत जाऊन नळ सोडून पाहिला. कोरडा होता. टाकीकडून येणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह कुणीतरी दुरुस्तीसाठी बंद केला होता आणि तो तसाच राहून गेला होता. उघडायला एक मिनिट लागलं नाही. त्यानंतर मी तिथे असेपर्यंत त्या दारावर कुणी काही लिहिलं नाही.

रंगाचे पैसे दोनदा वाया गेले याचं मला फारसं वाटत नाही. महिनाभर पोरांनी पाण्यावाचून काढला आणि आम्ही मोठी माणसं त्यांचं अक्षर पुसत बसलो, याचं वाटतं. ते लिहिणारा मुलगा कोण होता, हे मला कधी कळलं नाही. कळायची गरजही नव्हती. पण भिंतीवर काही लिहिलेलं, बाकावर कोरलेलं, जिन्यात फोडलेलं दिसलं की आधी काय करायचं हे मी त्या दाराकडून शिकलो. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, पालक आणि मोहल्ल्यातली जाणती माणसं, या सगळ्यांसाठी ते इथे सांगतो आहे.

सकाळी शाळेत आल्यावर भिंतीवर काही दिसलं, तर पहिल्यांदा मोबाइलवर फोटो काढा. एक जवळून, एक लांबून, जागा ओळखू येईल असा. तारीख आणि वेळ लिहून ठेवा. फोटो एकाच जबाबदार माणसाच्या फोनमध्ये राहू द्या, शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर असते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात. ज्याच्याविषयी लिहिलंय त्याची दुसऱ्यांदा बदनामी होते, आणि लिहिणाऱ्याला हवा होता त्याहून मोठा फळा मिळतो.

मग वाचा. खरंच वाचा. पहिली-दुसरीच्या मुलाने खडूने ओढलेल्या रेघांमध्ये वाचण्यासारखं काही नसतं. त्याला हात फिरवायला मोठी जागा हवी असते, ती द्यावी. पाचवी-सहावीपासून नाव येतं. बाकावर, खिडकीच्या चौकटीवर, झाडाच्या सालीवर. 'मी इथे होतो' एवढंच त्याला म्हणायचं असतं. आठवी-नववीत बदाम येतात, दोन नावांची बेरीज येते, शिव्या येतात, एखाद्या शिक्षकाचं टोपणनाव येतं. एकाच शिक्षकाचं नाव वर्षभर वेगवेगळ्या अक्षरांत दिसत असेल, तर मुलांना समज देण्याआधी मुख्याध्यापकांनी त्या शिक्षकाच्या तासाला जाऊन मागे बसावं. पंख्याची पाती वाकवलेली, स्विच उपटलेले, तोट्या काढून नेलेल्या, हे आणखी वेगळं. पाती वाकतात ती ऑफ तासाला, म्हणजे शिक्षक नसताना; तिथे वेळापत्रक दुरुस्त करावं लागतं. तोट्या बहुतेक वेळा मुलं नेत नाहीत. त्या भंगारात विकल्या जातात आणि नेणारा रात्री कुंपण चढून आलेला असतो. वर्गातल्या पोरांवर त्याचा आळ घातला, तर जी मुलं आजपर्यंत शाळेच्या बाजूची होती तीही तुटतात.

वाचून झालं की त्याच दिवशी पुसा. उद्या नाही. हे मी आग्रहाने सांगतो, कारण वाचणं आणि राहू देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे सुमारे 6000 डबे सत्तरच्या दशकात आतून-बाहेरून रंगाच्या फवाऱ्यांनी भरलेले होते. धरपकड होऊनही काही फरक पडेना. 1984 मध्ये तिथल्या प्रशासनाने एक साधा नियम केला : एकदा स्वच्छ केलेला डबा परत रंगवला गेला, तर तो पुसल्याशिवाय रुळावर आणायचा नाही. रात्रभर खपून रंगवलेलं आपलं नाव शहराला दिसतच नाही म्हटल्यावर रंगवणाऱ्यांचा उत्साह ओसरत गेला. मे 1989 मध्ये रंगवलेला शेवटचा डबा सेवेतून काढला गेला. पाच वर्षं लागली, पण गेला.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरातला 2008 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोगही इथे सांगावासा वाटतो. सायकली लावायच्या एका गल्लीत संशोधकांनी प्रत्येक सायकलच्या हँडलला एक कागद अडकवून ठेवला. गल्लीची भिंत कोरी होती तेव्हा 33 टक्के लोकांनी तो कागद तिथेच टाकला. त्याच भिंतीवर रेघोट्या मारलेल्या होत्या तेव्हा 69 टक्के लोकांनी टाकला. माणसं तशीच, गल्ली तीच. रेघोट्यांनी त्यांना एवढंच सांगितलं की इथे कुणी बघत नाही. आपल्याकडे अपार्टमेंटच्या जिन्यात पहिली पिचकारी कुठे पडते आणि महिन्याभरात त्या कोपऱ्याचं काय होतं, हे आठवून पाहा.

त्याच दिवशी पुसायच्या नियमाला अपवाद थोडे आहेत, पण ते पाठ असायला हवेत. धर्म, जात, महापुरुष किंवा प्रार्थनास्थळ यांच्याविषयी कुणाला चिथावणारं काही लिहिलेलं दिसलं, तर हात लावू नका. फोटो काढा, 112 वर किंवा पोलीस ठाण्यात कळवा, तोवर तो भाग कापडाने किंवा वर्तमानपत्राने झाका आणि पोलिसांनी पाहिल्यावर लगेच पुसून घ्या. फोटो पुढे पाठवू नका. एका भिंतीवरची ओळ शंभर फोनमध्ये गेली की ती एका भिंतीची राहत नाही.

मुलीचं नाव घेऊन घाणेरडं लिहिलेलं असेल, तर फोटो काढून तासाभरात पुसा, मधल्या सुट्टीची वाट पाहू नका. त्या मुलीला ही गोष्ट मैत्रिणींकडून कळण्याआधी तिचा विश्वास असलेल्या मॅडमनी तिला बाजूला घेऊन सांगावी, घरच्यांनाही शाळेनेच कळवावं. तिला एकच गोष्ट स्पष्ट ऐकू यायला हवी की तिची यात काही चूक नाही. तिला 'तू कुणाशी बोलत होतीस?' असं विचारणारी शाळा लिहिणाऱ्याचंच काम पुढे नेत असते. शाळेत सखी सावित्री समिती आहे ती अशाच वेळेसाठी.

आणि तिसरा अपवाद. 'मला नाही राहायचं', 'सगळे सुखी होतील' अशा अर्थाचं काही दिसलं, तर ते वात्रटपणा म्हणून सोडून देऊ नका. अशा वेळी मात्र लिहिणारा शोधावाच लागतो, आणि हळूच. अक्षर ओळखणारा भाषेचा शिक्षक बहुतेक शाळांत असतो. मुलाला एकट्याने भेटा, थेट विचारा, ऐका. चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 आणि टेलिमानसचा 14416 हे दोन्ही क्रमांक दिवसरात्र चालतात, फोनला पैसे पडत नाहीत. ते शिक्षकांच्या खोलीत लावून ठेवा आणि मुलांच्या स्वच्छतागृहाबाहेरही.

आता बाकी सगळ्यांबद्दल. मूल सापडलं, तर पुढे काय?

नववीतल्या एका मुलाने डिव्हायडरने बाकावर स्वतःचं नाव कोरलं होतं. चांगलं बोटभर लांबीचं, एकेका अक्षराला दहा-दहा वेळा गिरवून खोल केलेलं. नाव त्याचंच असल्यामुळे शोधाशोध झालीच नाही. शाळेत दोन मतं पडली : वडिलांना बोलावून बाकाचे पैसे घ्या, किंवा प्रार्थनेच्या वेळी समोर उभं करा. मी त्याला शनिवारी शाळा सुटल्यावर थांबायला सांगितलं. वडिलांना फोन करून कळवलं होतं, ते हो म्हणाले. बाक व्हरांड्यात उजेडाला आणला. 80 नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून त्याच्या हातात दिला, एक माझ्या हातात. रेषेच्या दिशेने घासायचं, आडवं नाही, हे दाखवलं.

दहा मिनिटं तो जोरात घासत होता. मग हात दुखायला लागले.

"सर, हे तर जाऊनच नाही राहिलं जी."

"खोल कोरलंस ना राजा. वेळ लागेल."

तासाभराने पहिलं अक्षर अंधूक झालं. बाकीची घासून जाण्यासारखी नव्हतीच, मग खालचा भुसा गोळा करून फेविकॉलमध्ये कालवला आणि काडीने चिरांमध्ये भरला. ते वाळेपर्यंत आम्ही पायरीवर बसलो. तेव्हा तो बोलला. वर्षाच्या सुरुवातीला भंडारा जिल्ह्यातल्या गावाहून मामाकडे शिकायला आला होता. वर्गात त्याला गावाच्या नावाने हाक मारत, त्याच्या नावाने नाही. सोमवारी येऊन त्याने 120 आणि मग 220 नंबरचा कागद फिरवला, वर लॅकरचा हात दिला. त्या जागी आजही फिकट पट्टा दिसत असेल. वर्गशिक्षकांनी हजेरी घेताना त्याचं पूर्ण नाव स्पष्ट उच्चारायला सुरुवात केली, एवढाच काय तो बदल त्या वर्गात आम्ही केला. पुढच्या महिन्यात त्याच्याच मित्राने दुसऱ्या बाकावर कोरलं, आणि तो मित्रही शनिवारी थांबला. असं ते चालायचंच. वर्षाला चार-पाच बाक दुरुस्त होत राहिले आणि पोरांना लाकडाची रेषा कळायला लागली.

यात काही गोष्टी मी कटाक्षाने पाळल्या, तुम्हीही पाळा. काम नुकसानाशी जोडलेलं असावं. बाक कोरला त्याने बाक दुरुस्त करावा. त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावून बाकाचं काही होत नाही. शेजारी मोठं माणूस काम करत असावं, नुसतं उभं राहून पाहणारं नव्हे. बघायला गर्दी नसावी. पालकांना आधी कळवलेलं असावं. वेळ ठरलेली असावी, दोन-तीन तासांची, आणि संपली की विषय संपावा. स्वच्छतागृह धुणं ही शिक्षा म्हणून कुणालाही, कधीही देऊ नका. ते काम आपल्यासाठी करणाऱ्या माणसांचा त्यात अपमान आहे, आणि कोणत्या मुलांच्या वाट्याला ही शिक्षा येते ते आपल्याला ठाऊक आहे. मारणं आणि वर्गासमोर पाणउतारा करणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंद केलेलं आहे. संपूर्ण वर्गाकडून दंड गोळा करायचा मोहही टाळा. ज्या पोरीने आयुष्यात बाकाला पेन लावला नाही तिचे पन्नास रुपये घेतले, तर तिला त्यातून काय शिकवलं?

पालकांना वेगळं सांगतो. शाळेतून फोन आला की दोन प्रकारची घरं दिसतात. एका घरात वडील शाळेच्या दारातच पोराच्या कानाखाली वाजवतात. दुसऱ्या घरात आई विचारते, 'किती झाले, सांगा, भरून टाकते.' दोन्हीकडे मूल सुटतं. त्याऐवजी त्याला घेऊन रविवारी इतवारीतल्या रंगाच्या दुकानात जा. एक लिटर रंग, ब्रश, प्रायमर, पॉलिश पेपर कितीला येतं ते त्यालाच विचारू द्या. रंगाऱ्याची दिवसाची मजुरी विचारू द्या. त्या रकमेचा काही भाग त्याच्या खाऊच्या पैशांतून जाऊ द्या, आणि रंग देताना तुम्हीही सोबत जा. लेकराच्या चुकीसाठी आपला बाप हातात ब्रश घेऊन उभा राहिला, हे ते विसरत नाही.

कायद्याचं ज्ञान मुलांना द्यायला हवं, धमकी म्हणून नव्हे. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाला प्रतिबंध करणारा 1995 चा कायदा आहे. लोकांना दिसेल अशा जागी परवानगीशिवाय लिहिलं, रंगवलं, चिकटवलं, तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिकवणी वर्गाचं पोस्टर रस्त्याकडच्या भिंतीवर चिकटवणाराही यात येतो, हे मुलांना सांगाच; कायदा फक्त त्यांच्यासाठी नाही हे कळलं की तो त्यांना पटतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 प्रमाणे सरकारी किंवा महापालिकेच्या मालमत्तेचं नुकसान केलं, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि 1984 च्या सार्वजनिक मालमत्ता कायद्यात हीच मर्यादा पाच वर्षांवर जाते.

पण 18 वर्षांखालच्या मुलाचा मार्ग वेगळा आहे. बाल न्याय कायद्याच्या नियमांप्रमाणे गुन्हा अघोर स्वरूपाचा नसेल आणि सोबत प्रौढ आरोपी नसेल, तर पोलीस एफआयआर न नोंदवता ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करतात आणि मुलाच्या सामाजिक परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे पाठवतात. मंडळ समज देऊ शकतं, समुपदेशन किंवा समाजसेवा सांगू शकतं. ज्याची अशी चौकशी सुरू आहे त्या मुलाचं नाव, फोटो, शाळा प्रसिद्ध करायला याच कायद्याचं कलम 74 मनाई करतं. म्हणून सीसीटीव्हीतली क्लिप 'ओळखा पाहू' म्हणून ग्रुपवर टाकणारे मोठे लोक स्वतःच अडचणीत येऊ शकतात. माझं मत विचाराल तर तुटलेल्या बाकासाठी, रंगवलेल्या भिंतीसाठी पोलिसांकडे जायची वेळ शाळेवर सहसा येऊ नये. आग लावणं, वीजवाहिन्या तोडणं, बाहेरच्यांनी रात्री आत घुसणं असेल, तर मात्र तक्रार द्यावी आणि लेखी द्यावी.

नागपुरात खर्र्याबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. भिंती खराब करण्यात पोरांच्या डिव्हायडरचा वाटा फार थोडा आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून तयार झालेला खर्रा तोंडात धरून सरकारी कार्यालयाच्या जिन्यात, दवाखान्याच्या वळणावर, शाळेच्या कुंपणावर पिचकारी मारणारी माणसं पोरांचे बाप, काका, मामा आहेत. मार्च 2023 मध्ये जी-20 अंतर्गत सी-20 ची बैठक नागपुरात झाली, तेव्हा वर्धा मार्ग रंगवला, कुंड्यांनी सजवला. त्यातल्या कुंड्या उचलून नेतानाचा व्हिडिओ गावभर फिरला. नेणारी शाळेतली मुलं नव्हती. आपण मुलांना भिंत जपायला सांगतो तेव्हा ती आपल्याकडे बघत असतात.

म्हणून शाळेच्या भिंतीवरच्या लाल डागांवर पहिला उपाय भिंतीपासून शंभर पावलांवर आहे. तंबाखू नियंत्रणाच्या 2003 च्या कायद्याने शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांच्या आत, म्हणजे साधारण 91 मीटरच्या आत, तंबाखूजन्य पदार्थ विकायला बंदी आहे. शाळा व्यवस्थापन समितीने टेप घेऊन अंतर मोजावं, पानठेला आत येत असेल तर आधी ठेलेवाल्या भाऊंशी बोलावं आणि मग मनपाच्या झोन कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा, पोच घ्यावी. नागपूर महापालिकेचे दहा झोन आहेत. तुमची शाळा कोणत्या झोनमध्ये येते हे समितीतल्या प्रत्येकाला माहीत हवं. रस्त्यावर घाण करणाऱ्यांवर कारवाई करणारं मनपाचं उपद्रव शोध पथकही आहे, त्यालाही कळवता येतं. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. त्यातल्या चार ताया ठेल्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या की अर्जाआधीच काम झाल्याचं मी पाहिलं आहे.

थुंकू नये म्हणून जिन्यात देवादिकांच्या फरशा लावायची पद्धत आहे. माझा तिला विरोध आहे. थुंकणारा तरीही थुंकतो, फरशी फुटते, आणि मग डागाचं भांडण धर्माचं होतं. त्यापेक्षा त्या कोपऱ्यात दिवा लावा. अंधारा कोपरा उजळला, तिथे एक कुंडी आली, रोज सकाळी कुणीतरी पाणी घालायला यायला लागलं की पिचकारी दुसरीकडे जाते. तिथेही दिवा लावावा लागेल, हे खरं आहे.

डाग काढण्याबद्दल थोडं, कारण चुकीच्या पद्धतीने काढले तर ते वाढतात. ऑइल पेंटच्या भिंतीवरचा मार्कर कापसावर स्पिरिट घेऊन जातो. तीच गोष्ट डिस्टेंपरवर केली तर शाई पसरते आणि रंग सुटतो. मार्कर किंवा खर्र्याच्या लाल डागावर थेट इमल्शन मारलं, तर आठ दिवसांत डाग वर येतो. आधी साबणाच्या पाण्याने धुवा, वाळू द्या, मग ऑइल बेसचा प्रायमर आणि त्यावर रंग. शाळेच्या व्हरांड्यात आणि वर्गात खालची पाच फूट भिंत ऑइल पेंटची, एकाच गडद रंगाची ठेवा. स्वच्छतागृहात दाराच्या उंचीपर्यंत टाइल्स. बाहेरच्या कुंपणाला तारेवर मधुमालती चढवली, तर दोन वर्षांत लिहायला जागाच उरत नाही. बाहेरचं रंगकाम मे महिन्यात काढू नका. पारा 45 च्या वर असताना रंग ब्रशखालीच वाळतो आणि पट्टे दिसतात. पावसाळा संपून भिंत कोरडी झाली की दिवाळीच्या सुट्टीत करा.

जुन्या दगडाला मात्र यातलं काहीच लागू नाही. झिरो माईलचा खांब असो, महालातला गांधी गेट असो की काटोल मार्गाजवळची जुनापाणीची शिळावर्तुळं, तिथल्या खडूच्या रेघेवरही ॲसिड, तारेचा ब्रश, रंग काहीही लावू नका. हौसेने साफसफाई करायला गेलेल्या मंडळींकडून दगडाचं जे नुकसान होतं ते परत भरून येत नाही. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्थळासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला कळवा, बाकी ठिकाणी मनपाला. संरक्षित स्मारकाचं विद्रूपीकरण केल्यास 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. मुलांना एकदा जुनापाणीला न्या. लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी रचलेली ती सुमारे 300 वर्तुळं आहेत आणि त्यातल्या काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले आहेत. दगडावर खूण ठेवायची ओढ माणसाला किती जुनी आहे, ते तिथे दिसतं. अजिंठ्याला दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 28 एप्रिल 1819 ला चित्रावर आपलं नाव खरवडून ठेवलं, तेही सांगा. दोन्ही खुणाच आहेत. एक मृतांच्या आठवणीसाठी उभ्या केलेल्या दगडावर आहे आणि दुसरी कुणाच्या तरी चित्राच्या अंगावर. यात फरक काय, ते मुलांना बोलू द्या. मी सातवीच्या वर्गात हा प्रश्न टाकला होता आणि तास संपला तरी वाद चालू होता.

ही ओढ आहे, म्हणूनच तिला हक्काची जागा द्यावी लागते. आपल्या शहराला हे शिकवायला नको. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी मारबत 1885 पासून निघते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी महाल-इतवारीतून मारबतींसोबत बडगे निघतात, महागाईचे, खड्ड्यांचे, भ्रष्टाचाराचे; जे जे सलतंय ते सगळं रस्त्यावर मोठ्याने बोलून घेतलं जातं आणि मग जाळलं जातं. एक दिवस, एक रस्ता, आणि शेवटी आग. शाळेत हे छोट्या रूपात करता येतं. व्हरांड्यात एक मोठा फळा फक्त मुलांसाठी ठेवा. शाळेत काय खुपतंय ते त्यावर लिहायचं. नियम दोनच : कुणा मुलाचं किंवा मुलीचं नाव नाही, शिवी नाही. दर शुक्रवारी मुख्याध्यापकांनी त्याच्यासमोर उभं राहून प्रत्येक ओळीला उत्तर द्यायचं, 'होईल', 'नाही होणार, कारण अमुक', 'सोमवारी बघतो'. मग फळा पुसायचा. उत्तर द्यायची तयारी नसेल, तर फळा लावूच नका. उत्तर न मिळणारा फळा आणि स्वच्छतागृहाचं दार यात मुलांना फरक दिसत नाही.

बोलक्या भिंतींबद्दलही हेच. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांनी पाढे, नकाशे, झाडं-पक्षी रंगवून भिंती सुंदर केल्या आहेत. पण रंगारी आणून रंगवलेली भिंत मुलांना शाळेची वाटते; आठवीच्या वर्गाने स्वतः रंगवली तर आठवीची वाटते. दरवर्षी नव्या आठवीला एक पट्टा द्या, जुन्याच्या शेजारी. आणि पोपडे निघालेलं चित्र तसंच ठेवू नका, त्याच्यावर पहिली रेघ यायला आठवडा लागत नाही.

आपल्याकडची एक अडचण उर्वरित महाराष्ट्राला नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात, म्हणजे इमारत दोन महिन्यांच्या आसपास बंद. याच काळात मैदानात दारूच्या बाटल्या फुटतात, कुलपं तुटतात, वर्गात जाळ केला जातो. सुट्टी लागण्याआधी शाळेभोवतालच्या दहा-बारा घरांतल्या लोकांना चहाला बोलवा. मैदानाची किल्ली एका घरी द्या, सकाळी फिरायला येणाऱ्या काकांना फाटक उघडू द्या, संध्याकाळी पोट्ट्यांना क्रिकेट खेळू द्या. पोरं खेळत असलेल्या मैदानात दारू प्यायला बसणारा माणूस विरळा. झाडांना पाणी घालायची पाळी लावली, तर रोज कुणीतरी आत चक्कर मारतंच. काही मोडलेलं दिसलं की कोणाला फोन करायचा, तो क्रमांक फाटकावर मोठ्या अक्षरात लिहा. शाळेने स्वतः लिहिलेला.

आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी एक कपाट भरून ठेवा : भिंतीचा उरलेला रंग, दोन ब्रश, रोलर, प्रायमर, स्पिरिट, कापूस, तिन्ही नंबरचे पॉलिश पेपर, फेविकॉल, दोन तोट्या. रंगाच्या डब्याच्या झाकणावर कंपनीचा शेड नंबर आणि कोणत्या भिंतीचा रंग आहे ते मार्करने लिहा, नाहीतर पुढच्या वेळी ठिगळ दिसतं. कपाटाची एक किल्ली शिपाईभाऊंकडे असू द्या आणि दुसरी दहावीच्या वर्गात, खिळ्याला.